पेरंबूरचा भोंगा, काळाचौकीचे तळे

जुन्या औद्योगिक वास्तूतला मूळ उद्योग संपल्यावर ती जमीनदोस्त न करता तिचा सांगाडा, तिची उंची, तिचे खांब आणि तिच्यात उतरणारा उजेड कायम ठेवून तिला नवे काम लावून देणे, याला वास्तुविशारदांच्या परिभाषेत ‘अनुकूल पुनर्वापर’ म्हणतात, आणि या विचाराचा मोठा लाभ जगभर कापडगिरण्यांना झाला आहे. त्याची कारणे गिरणीच्या बांधणीतच आहेत. शेकडो यंत्रांचा भार आणि हादरा सोसण्यासाठी तिची जमीन भक्कम केलेली असते, यंत्रांच्या लांबच लांब रांगा बसाव्यात म्हणून मधल्या भिंती टाळलेल्या असतात, तुटलेले सूत कामगाराच्या नजरेला लगेच पडावे म्हणून खिडक्या उंच आणि पुष्कळ ठेवलेल्या असतात. आणि चित्रदालनाला, रंगमंचाला किंवा ग्रंथालयाला नेमके हेच हवे असते. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधली १८५३ साली सुरू झालेली सॉल्ट्स मिल १९८६ मध्ये बंद पडली, पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि त्याच भागात जन्मलेल्या डेव्हिड हॉकनी या चित्रकाराची चित्रे तिथे कायमची लावली. जर्मनीतील लाइपझिगची १८८४ सालची सूतगिरणी चित्रकारांच्या कार्यशाळांची वसाहत झाली. हाँगकाँगमध्ये नान फुंग उद्योगसमूहाने त्सुन वान भागातील आपल्याच सूतगिरण्यांमध्ये वारसा, कला आणि वस्त्र यांचे केंद्र उभारून ते २०१९ मध्ये लोकांसाठी खुले केले.

चेन्नईच्या बाबतीत हा प्रश्न उलट्या टोकाकडून मांडावा लागतो, कारण ज्या गिरणीचे असे केंद्र होणे सर्वांत न्याय्य ठरले असते, ती पेरंबूरची बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल, म्हणजे शहराच्या तोंडी असलेली ‘बिन्नी मिल’, १९९६ मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या विस्तीर्ण आवाराचा मार्ग उंच निवासी मनोऱ्यांच्या वसाहतीकडे वळला. गिरणी गेल्यावर तिच्या सांस्कृतिक केंद्राविषयी लिहिण्यात अर्थ काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु बिन्नी मिलचा इतिहास बारकाईने पाहिला तर असे दिसते की संस्कृती बाहेरून आणून या आवारात मांडण्याची गरजच नव्हती. ती या गिरणीच्या वेशीवर अगोदरपासून नांदत होती, आणि भारतातील संघटित कामगार चळवळीचा एक आरंभ तर तिच्यातूनच झाला. जे गमावले आहे त्याची नीट मोजदाद झाली, तरच मुंबईत काळाचौकीला बंद गिरण्यांच्या रूपाने जे अजून हातात आहे त्याचे काय करायचे हे उमजेल.

चेन्नई हे शहरच मुळात कापडासाठी वसलेले आहे. १६३९ मध्ये फ्रान्सिस डे या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने मद्रासपट्टणमची वाळूची पट्टी पसंत केली, ती तिथे चांगले बंदर होते म्हणून नव्हे, तर या टापूत छापील आणि रंगीत सुती कापड स्वस्त मिळत होते म्हणून. पुढे १७३४ मध्ये कंपनीने विणकरांना एकत्र वसवण्यासाठी कूवम नदीच्या वळणावर एक पेठ बांधली. तिचे चिंताद्रीपेट हे नाव ‘चिन्न तरि पेट्टै’ या तमिळ शब्दांवरून, म्हणजे ‘लहान मागांची पेठ’ या अर्थाने आले आहे. कापड धुऊन, खळ काढून, उन्हात पांढरे करणाऱ्यांची वस्ती वॉशरमनपेट म्हणून आजही नकाशावर आहे. मराठी वाचकाला येवले किंवा सोलापूर डोळ्यांसमोर आणता येईल. फरक इतकाच की तिथे गावात विणकर आले, आणि इथे विणकरांच्या आधाराने महानगर उभे राहिले.

या हातमागाच्या शहरात यंत्राची गिरणी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात. मद्रासमधील बिन्नी या जुन्या ब्रिटिश व्यापारी पेढीने १८७६ मध्ये बकिंगहॅम मिल आणि १८८१ मध्ये कर्नाटिक मिल स्थापन केली. पहिलीचे नाव त्या वेळचे मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्यावरून पडले, ज्यांचे नाव शहरातून जाणाऱ्या कालव्यालाही मिळाले आहे. १९०६ मध्ये अर्बथनॉट ही मद्रासमधील बलाढ्य पेढी बुडाली, तेव्हा तिच्याबरोबर बिन्नीही अडचणीत आली आणि ती पुढे लॉर्ड इंचकेप झालेल्या जेम्स मॅके यांच्या ताब्यात गेली. १९२० मध्ये दोन्ही गिरण्या एका कंपनीत विलीन झाल्या. न विटणारा खाकी रंग आणि जाड, तिरप्या विणीचे खाकी ड्रिल यांसाठी ही गिरणी नावाजली होती, आणि महायुद्धांच्या काळात सैनिकांच्या गणवेशासाठी तिचे कापड जात असे. ऐन भरात तिथे सुमारे दहा हजार माणसे राबत होती. त्यांच्या घरांनी, दुकानांनी आणि देवळांनी पेरंबूर, ओट्टेरी आणि पुळियन्तोप हे उत्तर चेन्नईचे पट्टे भरले आणि भोंग्याच्या वेळेवर त्यांचे दिवस बांधले गेले.

या भोंग्याच्या पल्ल्यात एक सभा होती. ‘सभा’ हा शब्द चेन्नईत उच्चारला की आज मैलापूर किंवा त्यागरायनगरातील कर्नाटक संगीताच्या संस्था आणि मार्गळी या तमिळ महिन्यातील मैफिली डोळ्यांपुढे येतात. परंतु पेरंबूरच्या या सभेचे नाव होते श्री वेंकटेश गुणामृत वर्षिणी सभा, आणि तिचे श्रोते होते गिरणी कामगार. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलू नायडू हे गिरणीजवळचे दोन दुकानदार ती चालवत, तिथे संध्याकाळी वैष्णव भक्तीवरची प्रवचने होत, आणि प्रवचन संपल्यावर उठता उठता माणसे जे बोलत ते दुपारी जेवायला मिळणाऱ्या अपुऱ्या सुट्टीविषयी, पहाटे उशीर झाला तर बंद होणाऱ्या फाटकाविषयी, वरिष्ठांच्या शिव्या आणि मारहाणीविषयी असे. दुकानात उधारीवर तांदूळ नेणाऱ्या माणसाची हकीकत दुकानदाराला ठाऊक असते. त्यामुळे हे बोलणे या दोघांच्या मनात साचत गेले. लालबाग-परळच्या चाळींतील भजनी मंडळे आणि कामगार चळवळ यांचे जे नाते मराठी वाचकाला परिचित आहे, त्याचेच हे दक्षिणेकडचे रूप होते.

या दोघांनी अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत काम करणाऱ्या बहमन पेस्तनजी वाडिया यांना गाठले. वाडिया मुंबईत जन्मलेले पारशी होते, ॲनी बेझंट यांचे सहकारी होते, आणि १९१७ मध्ये सरकारने बेझंट, जॉर्ज अरुंडेल आणि वाडिया या तिघांना स्वराज्याच्या प्रचाराबद्दल उटीला नजरकैदेत ठेवले होते. २७ एप्रिल १९१८ रोजी वाडियांच्या अध्यक्षतेखाली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. कामगारांची दैनंदिन, वर्गणी भरणारी, सभासदांची यादी ठेवणारी संघटना या अर्थाने ती भारतातील पहिल्या कामगार संघटनांपैकी एक मानली जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली होती, हे मराठी वाचक अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण लोखंड्यांच्या कामात आणि आधुनिक युनियनमध्ये जो रचनेचा फरक आहे, तो भरून निघाला पेरंबूरमध्ये.

वाडियांना तमिळ येत नव्हते. ते इंग्रजीत बोलत आणि त्यांचे भाषण सभेला तमिळमध्ये सांगितले जाई. आणि या सभांमधून पुढे आलेले सर्वांत मोठे वक्ते म्हणजे तिरु. वि. कल्याणसुंदरम् , ज्यांना तमिळ लोक आदराने तिरु. वि. क. म्हणतात. शाळेतले तमिळचे शिक्षक, ‘देशभक्तन्’ आणि ‘नवशक्ती’ या पत्रांचे संपादक, शैव साहित्याचे व्यासंगी असा हा माणूस गिरणीच्या वेशीवर उभा राहून हजारो निरक्षर माणसांना कळेल आणि तरीही अभिजात वळणाचे राहील असे तमिळ बोलू लागला, तेव्हा ग्रंथातली भाषा रस्त्यावर आली. विसाव्या शतकातील तमिळ राजकीय वक्तृत्वाची परंपरा समजून घ्यायची असेल तर तिच्या मुळाशी हे पेरंबूरचे मैदान आहे. एखाद्या वास्तूला सांस्कृतिक केंद्र म्हणण्यासाठी याहून अधिक काय लागते, हा प्रश्न इथे गांभीर्याने विचारला पाहिजे.

गिरणीच्या व्यवस्थापनाने उत्तर दिले ते टाळेबंदीने आणि मग न्यायालयातून. १९२० मध्ये बिन्नी कंपनीने वाडिया व इतरांवर मद्रास उच्च न्यायालयात मोठ्या नुकसानभरपाईचा दावा लावला आणि कामगारांना कामावर जाण्यापासून परावृत्त करण्यास मनाई करणारा हुकूम मिळवला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे त्यांना नोकरीचा करार मोडायला लावणे, असा त्या दाव्याचा आधार होता, आणि संघटनेला संरक्षण देणारा एकही कायदा तेव्हा देशात नव्हता. अखेर तडजोड झाली ती वाडियांनी युनियनपासून दूर व्हावे या अटीवर. इथेच या कथेत एक मराठी माणूस येतो. मूळचे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे आणि १९२०च्या आयटक या अखिल भारतीय कामगार महासंघाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे नारायण मल्हार जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण मिळावे असा ठराव मांडला, आणि त्याची परिणती १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली. आज देशातील कोणत्याही कारखान्यात युनियनची नोंदणी होते, तेव्हा तिच्यामागे पेरंबूरच्या त्या दाव्याची सावली असते. असे असताना या घटनेची साक्ष देणारी गिरणीची एकही खोली जपून ठेवावी असे कुणाला वाटू नये, ही सार्वजनिक स्मृतीची मोठी हानी आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू अधिक दुखरी आहे आणि ती लपवून कोणतेही प्रामाणिक केंद्र उभे राहू शकत नाही. जून १९२१ मध्ये पुन्हा संप सुरू झाला तेव्हा आदिद्रविड म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील अनेक कामगार कामावर राहिले. त्यांचे पुढारी एम. सी. राजा यांचे म्हणणे होते की आधीच्या संपांत सर्वाधिक उपासमार याच कामगारांची झाली. संप चिघळत गेला, पुळियन्तोपमध्ये संपकरी आणि आदिद्रविड वस्त्या यांच्यात दंगली पेटल्या, झोपड्या जळाल्या, पोलिसांनी गोळीबार केला, आणि ऑक्टोबरमध्ये संप मोडला तेव्हा एका आवारात काम करणारी माणसे दोन जगांत विभागली गेली होती. आजही उत्तर चेन्नईच्या समाजकारणावर त्या महिन्यांचा वळ आहे.

मुंबईच्या गिरणीत हाच भेद एका वस्तूत एकवटलेला दिसतो, आणि ती वस्तू म्हणजे धोटा. कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुचीदार टोपी असलेला, होडीसारख्या पोकळ पोटात सुताची कांडी धारण करणारा हा तुकडा उभ्या धाग्यांच्या दोन थरांमधून इकडून तिकडे फेकला जातो आणि आडवा धागा सोडत जातो. कांडी संपली की नवी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि त्यासाठी कामगार त्या छिद्राला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घेत असे. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांचे ओठ लागत, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य कामगारांना साचा खात्यात, म्हणजे जिथे माग चालत आणि पगार सर्वांत चांगला होता त्या विभागात, येऊ दिले नाही आणि त्यांना त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, अडकवून ठेवले. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कोणत्याही वस्त्रसंग्रहालयात धोटा असतोच, सुबक काचेच्या पेटीत, खाली नाव आणि साल लिहून. त्याच्या छिद्राची ही गोष्ट मात्र पाटीवर क्वचितच येते. ती आली पाहिजे, कारण तिच्यावाचून तो धोटा म्हणजे लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा उरतो.

चेन्नईने वस्त्रपरंपरा जपलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वर्षी उत्तरेत बिन्नी मिलचे दरवाजे बंद झाले, त्याच १९९६च्या डिसेंबरमध्ये शहराच्या दक्षिणेला मुट्टुकाडूच्या समुद्रकाठी दक्षिणचित्र हे केंद्र सुरू झाले. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने मद्रास क्राफ्ट फाउंडेशनने दक्षिण भारतातील पडायला आलेली जुनी घरे दगड, खांब, दारे, कौले यांसह उतरवून इथे पुन्हा उभी केली. त्यांत कांचीपुरमच्या रेशीम विणकराचे घर आहे, आणि ज्याच्या लुगड्यांशी महाराष्ट्राचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे त्या इरकलच्या विणकराचेही आहे. तत्पूर्वी अड्यारच्या परिसरात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन केले आणि त्यात नृत्यसंगीताबरोबर विणकामालाही जागा दिली. रुक्मिणीदेवी या त्याच जॉर्ज अरुंडेल यांच्या पत्नी, जे वाडियांबरोबर उटीला नजरकैदेत होते. एकाच अड्यारच्या अंगणातून एक वाट दक्षिणेला कलेकडे गेली आणि दुसरी उत्तरेला गिरणीकडे. पहिलीला संस्था मिळाली, जमीन मिळाली, मान मिळाला. दुसरीला उद्योगाचे नाव मिळाले, आणि उद्योग बुडाल्यावर त्याबरोबर सारेच वाहून गेले. हातमागावर बसलेला विणकर संस्कृतीचा आणि साच्यावर उभा राहिलेला विणकर अर्थकारणाचा, अशी ही वाटणी आपल्या वारशाच्या कल्पनेत फार खोल रुजली आहे, आणि ती चुकीची आहे. त्या दोघांची बोटे एकच काम करत होती.

गिरणी बंद झाल्यानंतर काही वर्षे बिन्नीचे आवार तमिळ चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी दिले जात होते. मुंबईत कुलाब्याच्या मुकेश मिलचे जे झाले तेच इथे झाले: पडक्या भिंती, गंजलेले खांब आणि कौलांच्या भोकांतून येणारे उन्हाचे झोत यांनी मारामारीच्या आणि पाठलागाच्या दृश्यांना आयती पार्श्वभूमी पुरवली. लक्षावधी प्रेक्षकांनी ती वास्तू पडद्यावर पाहिली असेल, परंतु ती कोणती आहे हे जाणून नव्हे.

तांत्रिकदृष्ट्या चेन्नईत गिरणीचे संग्रहालय करणे सोपे नव्हते आणि पुढेही नसेल, आणि यातले दोन मुद्दे सामान्य वाचकालाही रोचक वाटतील. पहिला उजेडाचा. साचा खात्यावर करवतीच्या दात्यांसारखे छत घालण्याची पद्धत इंग्लंडच्या गिरण्यांतून आली. प्रत्येक दात्याची उभी, काचेची बाजू उत्तरेला ठेवतात, त्यामुळे सूर्यकिरण थेट आत न येता मऊ, सारखा प्रकाश कापडावर पडतो आणि वीण स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये मध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, पण चेन्नई तेरा अक्षांशावर आहे, आणि तिथे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात हे उत्तरेचे तावदान रक्षण करायचे सोडून ऊनच आत घेते. चित्रदालनासाठी अशा छताला आतून पडदे किंवा बाहेरून पट्ट्या लावणे अपरिहार्य होते, विशेषतः जुन्या कापडांसाठी, कारण सुती आणि रेशमी वस्त्रांवर पन्नास लक्सपेक्षा अधिक, म्हणजे मंद दिव्याच्या खोलीहून जास्त, प्रकाश पडू देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे.

दुसरा मुद्दा दमटपणाचा. विणताना सूत कोरडे पडले की तटातट तुटते, म्हणून साचा खात्यातल्या हवेत मुद्दाम वाफ सोडून ती सत्तर-ऐंशी टक्के दमट ठेवली जात असे, आणि कामगार घामाने चिंब होऊन आठ-दहा तास त्या वाफेत उभे राहत. विणून झालेले कापड जपायचे असेल तर मात्र हवा पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास स्थिर लागते. ज्या हवेत कापड जन्मते त्या हवेत ते टिकत नाही. या विरोधामुळे चालते माग आणि जुनी वस्त्रे एका दालनात ठेवता येत नाहीत. वास्तूचे निदान दोन भाग करावे लागतात. त्यातच पेरंबूर-पुळियन्तोपचा सखल भाग, तिथून वाहत जाऊन बकिंगहॅम कालव्याला मिळणारा ओट्टेरी नाला आणि ईशान्य मोसमी पावसातले चक्रीवादळांचे दिवस हे सारे लक्षात घेता संग्रहाची कोठारे वरच्या मजल्यावरच असावी लागतील.

मुंबईत आजचे चित्र अधिक आशादायक आहे, पण तिथेही फार काही गेले आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी अशी विभागणी केली होती. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली, त्यामुळे शहराच्या वाट्याला येणारी जमीन फारच आक्रसली. दादरच्या इंदू मिलच्या सुमारे साडेबारा एकर जागेवर डॉ. आंबेडकरांचे स्मारक उभारण्याचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. त्या स्मारकाला या जागेहून योग्य जागा मिळणे कठीण होते. परंतु तिथे गिरणीचा आणि बाबासाहेबांचा संबंध सांगणारे दालनही असायला हवे. धोट्याची गोष्ट तिथे सांगितली गेली नाही तर कुठे सांगितली जाणार?

काळाचौकीची इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन आणि तीन हे मुंबईकडे उरलेले खरे धन आहे. ससून घराण्याच्या मालकीतून १९४३ मध्ये दुसऱ्या हाती गेलेल्या आणि पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात आलेल्या या गिरण्यांच्या आवारात मुंबई महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय करायला घेतले असून, पहिल्या टप्प्यात आवारातल्या तळ्याला आणि त्यातल्या कारंज्यांना प्राधान्य मिळाले. तळे आहे म्हणून ते सुशोभित करावे हे समजण्यासारखे आहे, आणि संध्याकाळी लेकरांना घेऊन आलेल्या कुटुंबांना कारंजे आवडेल यात शंका नाही. परंतु गिरणीत तळे असते ते शोभेसाठी नव्हे. बाष्पयंत्रातून बाहेर पडलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला थंड पाण्याचा मोठा साठा लागे, आणि ते कोमट झालेले पाणी उघड्यावर निवत पडे. गिरणीच्या फुप्फुसांइतकेच ते तळे तिच्या श्वासाचे अंग होते. काठावर उभे राहणाऱ्याला इतके कळले, तर चिमणीकडे वळून पाहताना त्याला सारी यंत्रणा उलगडत जाईल.

गिरणगावाकडे आणखी एक ठेवा आहे, जो चेन्नईकडे अपुरा आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवला आणि तो २००४ मध्ये ग्रंथरूपाने आला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर चाळीतल्या एका घराचे काय होते ते मराठी रंगभूमीवर आणले. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकाचे पोवाडे आणि लावण्या याच वस्तीत घुमल्या. काळाचौकीच्या वास्तूत दर आठवड्याला एक प्रयोग, एक भजन, एक शाहिरी कार्यक्रम होऊ लागला, आणि त्याची तिकिटे परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्या, तेच कार्यक्रम ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला परवडतील इतकी ठेवली गेली, तर ते केंद्र सजीव होईल. नाहीतर संग्रहालयाला फक्त फाटकातून आत आणलेल्या शाळेच्या सहली उरतात. अहमदाबादच्या कॅलिको मिलची आठवण इथे उपयोगी पडते. साराभाई कुटुंबाने १९४९ मध्ये गिरणीच्या आवारातच वस्त्रसंग्रहालय सुरू केले आणि ते पुढे १९८३ मध्ये शाहीबागेतल्या त्यांच्या निवासी वाड्यात नेले. संग्रहालय जगप्रसिद्ध झाले आणि टिकले, गिरणी संपली. वस्त्र वाचले, पण ते ज्या आवाजात आणि घामात निघाले तो परिसर वाचला नाही.

पेरंबूरला आता वास्तूचा आधार नाही, पण बाकी सामग्री भरपूर आहे. याच भागात गाना ही उत्तर चेन्नईची गाण्याची शैली पोसली गेली, जी मूळची मर्तिकाच्या रात्री गायली जाई आणि पुढे लग्नसमारंभात, चित्रपटात आणि कास्टलेस कलेक्टिव्ह या वाद्यवृंदातून मोठ्या मंचावर आली. इथल्या मुष्टियुद्धाच्या परंपरेवर पा. रंजित यांनी २०२१ मध्ये ‘सारपट्टा परंबरै’ हा चित्रपट केला. शहरातला पहिला आणि देशातलाही पहिला मे दिन १९२३ मध्ये सिंगारवेलू चेट्टियार यांनी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर साजरा केला. या साऱ्यासाठी पेरंबूरमध्ये एक सभागृह, एक दप्तरखाना आणि चालता माग असलेली एक खोली पुरेशी आहे. तमिळनाडूने २०१२ मध्ये वारसा आयोगाचा कायदा केला आहे. पण वारसा म्हणजे केवळ दर्शनी कमान आणि घुमट असे मानले, तर कामगारांच्या वस्तीला त्यात जागा मिळणे अवघड राहील. एगमोरच्या तमिळनाडू पुराभिलेखागारात त्या काळचे सरकारी अहवाल आहेत, वाडियांचे मद्रासच्या कामगारांविषयीचे पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे, तिरु. वि. कं.चे आत्मचरित्र तमिळमध्ये उपलब्ध आहे. म्हणजे कागद आहेत.

कागदावर जे येत नाही ते माणसांत आहे. १९८२च्या संपात वीस वर्षांचा असलेला मुंबईचा कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. बिन्नी मिल त्यानंतर चौदा वर्षे चालली, त्यामुळे तिथे अगदी शेवटी बदलीवर लागलेला तरुण आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि त्याच्या वरच्या पिढीतले बरेच जण अजून त्याच गल्ल्यांत राहतात. साचा खात्यात शेकडो मागांच्या गोंगाटात शेजारच्या माणसाचा शब्दही ऐकू येत नसे, म्हणून तिथे माणसे ओठ वाचत आणि हातांनी बोलत: सूत संपले, मुकादम येतोय, पाणी दे, पाळी सुटायला किती वेळ आहे. या खुणांची नोंद कोणत्याही अहवालात नाही. त्या फक्त त्या हातांना ठाऊक आहेत, आणि त्या टिपून घ्यायला एक कॅमेरा, तमिळ जाणणारा एक चौकस तरुण आणि पेरंबूरमधली दुपारी उघडी असलेली एक खोली एवढेच लागते.